लडाखच्या पोस्टवर फराळाचं पार्सल: काय टिकतं आणि काय पोचतं

प्रश्न असा आहे: "माझा धाकटा भाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीत आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याचं युनिट लडाखला गेलं. इतक्या उंचीवरची त्याची ही पहिलीच दिवाळी. आई दहा किलो फराळ करून पाठवायचा म्हणते. शिवाय स्वेटर, मोजे, औषधं, लोणचं. त्याला विचारलं तर तो म्हणतो, 'काही नको, इथे सगळं मिळतं.' नक्की काय पाठवावं, किती आणि कसं?"

ताई, उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा. मी सातारा जिल्ह्यातल्या एका पोस्टात कारकून होतो. तिथून डेप्युटेशनवर आर्मी पोस्टल सर्व्हिसमध्ये गेलो आणि नऊ वर्षं फौजेची डाक हाताळली. त्यातली काही लडाखमधल्या फील्ड पोस्ट ऑफिसात, काही पूर्वेकडे. प्रत्यक्ष उंचावरच्या पोस्टवर, म्हणजे चौकीवर, मी राहिलेलो नाही, तिथलं जे सांगतो ते डाक घ्यायला येणाऱ्या जवानांकडून आणि आता माझ्या पुतण्याकडून ऐकलेलं. पण गावाहून निघालेलं पार्सल वाटेत कसं होतं, हे माझ्याइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं असेल. फुटलेल्या डब्यांवरून कुठल्या जिल्ह्यातलं पार्सल आहे हे सांगता यायचं मला.

पहिली गोष्ट, भाऊ खोटं बोलत नाही. ९ हजार फुटांच्या वर गेलं की फौजेचं रेशन बदलतं, १२ हजारांच्या वर आणखी बदलतं. सुका मेवा, चॉकलेट, डबाबंद फळं, दूध पावडर हे सगळं सरकार देतं, आणि भरपूर देतं. तुमच्या आईने काजू-बदामावर हजार रुपये घातले तर ते त्याच्याकडे आधीच पडून असलेल्या काजू-बदामात जाऊन पडतील. त्यात उंचीवर भूकच मरते. समोर ताट असतं आणि घास जात नाही. म्हणजे त्याचं पोट रिकामं नाही, जीभ कंटाळलेली आहे. डबाबंद भाजी आणि तोच तो मसाला खाऊन जिभेला जे हवंसं होतं ते वजनाने फार थोडं असतं. दहा किलोचा हिशेब इथेच कोसळतो.

दुसरी गोष्ट आईला जरा समजावून सांगावी लागेल. पार्सल त्याच्या नावाने जातं, पण त्याच्या एकट्याचं नसतं. सेक्शन दहा जणांचं असतं, पोस्टवर कधी त्याहूनही कमी माणसं असतात, आणि पार्सल आलं की सगळ्यांसमोर उघडतं. कोपऱ्यात बसून एकट्याने लाडू खाणाऱ्याचं तिथे काय होतं ते मी सांगायला नको. त्यामुळे 'त्याला आवडतो म्हणून एकच मोठा बालुशाहीचा पुडा' असं न करता, दहा हातांत जाईल असं बारीक, मोजता येणारं काहीतरी हवं. सगळे मराठीच असतील असंही धरू नका. बटालियन मराठ्यांची असली तरी सिग्नलचा, तोफखान्याचा, नर्सिंग असिस्टंट असा एखादा बाहेरचा बरोबर असतोच. शंकरपाळी खाऊन एक गढवाली जवान माझ्याकडे 'वो चौकोन वाला' मागायला दोन वेळा आला होता, जणू पोस्ट ऑफिसात ती विकायलाच ठेवली होती.

आता काय आणि किती पाठवायचं हे कशावर अवलंबून आहे ते सांगतो. तुमचा भाऊ लेहसारख्या ठिकाणी, म्हणजे साडेअकरा हजार फुटांवर, मोठ्या कॅम्पात आहे का? मग तिथे कँटीन आहे, बाजार आहे, पार्सल आठवडाभर आधी-मागे झालं तरी बिघडत नाही. तो पुढच्या पोस्टवर आहे का? मग तिथपर्यंत पार्सल ट्रकने, मग खेचरावर किंवा पोर्टरच्या पाठीवर, कधी हेलिकॉप्टरने जातं, आणि प्रत्येक टप्प्यावर किलो मोजला जातो. की तो अजून हवामानाची सवय करून घेण्याच्या टप्प्यात आहे? उंचीवर चढवताना पहिल्या टप्प्यात सहा दिवस, पुढच्या दोन टप्प्यांत चार-चार दिवस असे एकूण चौदा दिवस थांबवतात. त्या काळात जवान हलत असतो आणि पार्सल त्याच्या मागे-मागे फिरत बसतं. तुमचं युनिट जाऊन दोन महिने झालेत, म्हणजे हे बहुधा उरकलं असेल, तरी फोनवर एवढंच विचारा: "पत्ता पक्का झाला का?" कुठे आहे हे विचारू नका. तो सांगणार नाही आणि सांगूही नये. (तुमच्या प्रश्नात बटालियनचा नंबर होता, तो मी वर गाळला आहे. तुम्हीही काढून टाका.)

मी पुढे जे लिहितो ते उंचावरच्या थंडीसाठी आहे. हाच भाऊ जैसलमेरकडे असता तर तुपाचे लाडू वितळून खोक्याला तळ उरला नसता, आणि अरुणाचलात असता तर दमट हवेने चकलीला बुरशी धरली असती. सगळ्या फौजेला एकच यादी चालत नाही.

वेळेचं आधी बोलू, कारण चांगली पार्सलं उशिरामुळेच वाया जातात. लोक दिवाळीच्या आठ दिवस आधी फराळ करतात आणि वसुबारसेच्या सुमारास पोस्टात येतात. ते पार्सल तुळशीच्या लग्नाला पोचतं. माझ्या अनुभवाप्रमाणे आपल्याकडून दिल्लीपर्यंत चार-पाच दिवस, तिथून लेहच्या फील्ड पोस्ट ऑफिसपर्यंत आणखी आठवडा आणि पुढे पोस्टपर्यंत हवामान म्हणेल ते. झोजीला आणि मनालीकडचे घाट बर्फाने बंद झाले की डाक विमानावर अवलंबून राहते, आणि विमानात आधी माणसं आणि रसद बसते, मग लाडू. दसरा ते दिवाळी वीस दिवस असतात. म्हणून माझा साधा नियम: दसऱ्याच्या आत पार्सल पोस्टाच्या खिडकीतून आत गेलं पाहिजे. म्हणजे घटस्थापनेच्या आठवड्यात फराळ करायचा. आई म्हणेल नवरात्रात तळण कुठे काढायचं, उपास आहेत. उपास करणाऱ्याने तळू नये असं कुठे लिहिलंय, चाखायला तुम्ही आहातच.

या गणितातून एक गंमत निघते. आपल्याला वाटतं पार्सल तिथल्या थंडीत खराब होईल. उलट आहे. थंडीत काही खराब होत नाही. पार्सल मरतं ते आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात, पोस्टाच्या गोदामात आणि रेल्वेच्या डब्यात, पहिल्या आठ दिवसांत. ते आठ दिवस निभावले की पुढे निसर्गच फ्रीज चालवतो. तेव्हा पदार्थ निवडताना एकच प्रश्न विचारा: हा बंद खोक्यात, उकाड्यात, आठ दिवस राहील का, आणि नंतर दगड झाला तरी खाता येईल का?

या कसोटीवर आईचा फराळ लावून बघू.

शंकरपाळी सगळ्यात आधी. मोडत नाही, चिकटत नाही, वास धरत नाही, मोठ्या वस्तूंच्या फटीत ओतता येते. जरा जाडसर, कडक तळायची. बेसनाचे लाडू चालतात, पण दोन अटी. बेसन खमंग, अगदी लालसर होईपर्यंत भाजायचं, आणि दाणेदार व्हावं म्हणून दुधाचा हबका मारायची सवय असेल तर या खेपेला मारायचा नाही. दुधाने टिकाऊपणा जातो. तूप हात आखडूनच. उकाड्यात ते पाझरतं आणि थंडीत लाडवाचा गोटा होतो. गोटा झाला तरी घाबरू नका, बुखारीजवळ, म्हणजे बंकरातल्या रॉकेलच्या शेगडीजवळ, पाच मिनिटं ठेवला की माणसात येतो. रव्याचा लाडू ओलं खोबरं घालून करत असाल तर विसरा, तो दिल्लीसुद्धा गाठणार नाही. नारळाची वडी तशीच.

करंज्या आईला सगळ्यात जास्त पाठवाव्याशा वाटतील आणि त्याच पाठवायच्या नाहीत. कडा मोडतात, सारण सांडतं, आणि सुकं खोबरं सगळ्यात आधी खवट होतं. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्याही वेगळ्या टाकू नका. विमानाच्या मालात सुकं खोबरं धोकादायक धरतात, कारण त्यातल्या तेलाने ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. चिवड्यातसुद्धा खोबऱ्याचे काप टाळा, डाळं आणि शेंगदाणे वाढवा. चिवड्याचा अर्धा भुगा होणार हे धरूनच चाला. तो चमच्याने खातात, तक्रार कोणी करत नाही. चकलीऐवजी कडबोळी करा. तीच भाजणी, पण जाड आणि बांधेसूद, त्यामुळे दहातली आठ अख्खी पोचतात. चकलीचं प्रमाण मी मोजलं नाही, मोजण्यासारखं काही उरलेलंच नसायचं. अनारसे करणारं घर असेल तर एकावर एक रचून, उभ्या डब्यात, घट्ट. फराळ पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचा नाही, रात्रभर परातीत कागद घालून राहू द्या. गरम चिवडा बंद केला की वाफ धरते आणि तिथेच निम्मा खेळ संपतो.

गोडाबद्दल आणखी एक सांगतो. दिवाळीला तिथे बडाखाना, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण असतं, युनिट मिठाई वाटतं, आणि दहाही जणांच्या घरून लाडूच येतात. गोडाचा पूर येतो. तिखट मात्र कुणी पाठवत नाही, आणि ज्याच्या पार्सलात तिखट निघतं त्याच्याभोवती गर्दी होते. तुम्हाला तीन किलो पाठवायचं असेल तर निम्मं तिखट-मीठ-पीठ पाठवा. हा माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा आहे, बाकी विसरलात तरी चालेल.

तिखटात पहिला मान शेंगदाण्याच्या चटणीचा, सोलापूरकडची खलबत्त्यात कुटलेली, लसणाची. मग जवस, कारळं, तीळ यांपैकी घरात होते ती. आणि आपली कांदा-लसूण चटणी, जिला पुण्या-मुंबईत मसाला म्हणतात. लंगरची, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातली कुठलीही भाजी, आमलेट, नुसती पोळी, तिची चिमूट पडली की गावची होते. तिच्यात कांदा-लसूण खडखडीत वाळलेला आणि तळलेला असू द्या, ओल राहिली तर बुरशी येईल. आणि तिला तिहेरी बांधा. हे कळकळीने सांगतो, कारण एकदा आमच्या सॉर्टिंगच्या खोलीत कुणाच्यातरी पार्सलातली लाल चटणी फुटली. दिवसभर आम्ही सगळे शिंकत, डोळे पुसत चिठ्ठ्या लावत होतो. त्या दिवशी ज्यांच्या घरच्या चिठ्ठ्या गेल्या त्यांना वाटलं असेल घरचे फार रडले.

मग पिठं. हे लोकांना सुचत नाही. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी लवकर उकळतं. लेहला साधारण ८८ अंशांवर, १८ हजार फुटांवर ८२च्या आसपास. उकळतंय असं दिसतं, पण ते पुरेसं तापलेलं नसतं, म्हणून प्रेशर कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि भात कच्चट राहतो. पण बारीक पीठ त्या तापमानालाही शिजतं. त्यामुळे पिठल्याचं पीठ, त्यातच हळद, तिखट, जिरं, हिंग, मीठ मिसळून दिलंत तर दहा मिनिटांत गरम पिठलं होतं. कोकणातलं घर असेल तर कुळथाचं. मेतकूट तर भाताला भात बनवतं, आणि ते शिजवावंही लागत नाही. सातूचं पीठही असंच, आधीच भाजलेलं असल्यामुळे गूळ आणि गरम पाणी घातलं की झालं. ज्याला डोंगरावर अन्न जात नाही त्याला हे जातं, असं पुतण्या सांगतो. त्याच्या मते लाडवांपेक्षा मेतकुटावर भांडणं जास्त होतात.

सोलापूर भागात कडक भाकरी मिळते, पापडासारखी पातळ वाळवलेली ज्वारीची किंवा बाजरीची. ती महिनाभर टिकते. पार्सलात तिचे तुकडे होणार, पण ती चुरूनच खायची असते, मग मोडली तर मोडली. वजनाला काही नाही आणि भाकरी ती भाकरी. कोकणातले लोक सुका जवळा, सोडे पाठवू का विचारतात. भाजून चटणी करून, हवा काढून दोनदा सीलबंद करून पाठवा. नाहीतर त्याचा वास अख्ख्या डाकेला लागतो आणि बंद बंकरात दहातल्या पाच जणांना तो नको असतो. माझं मत विचाराल तर हे रजेवर घरी आल्यावर.

लोणचं नको. आईला वाईट वाटेल, पण नको. काचेची बरणी फुटते, प्लास्टिकचं झाकण उंचीवर सैल होतं. १८ हजार फुटांवर हवेचा दाब खालच्या निम्मा असतो, त्यामुळे बंद डब्यातली हवा फुगून बाहेर पडायला बघते आणि तेलाला बरोबर घेऊन येते. वेफर्सचा पुडा तिथे फुग्यासारखा टम्म होतो, तोच प्रकार. एका लोणच्याने शेजारच्या पार्सलातली राखी तेलात बुडालेली मी पाहिली आहे. राखी पाठवणाऱ्या बहिणीचा त्यात काय दोष? रसाचं, पाकाचं, सॉससारखं पाणी असलेलं काहीच नको. ते गोठतं आणि गोठताना फुगून डबा फाडतं. तोंडाला आंबट हवं असेल तर आमसुलं, आंबापोळी किंवा आवळ्याची सुकी सुपारी द्या. आवळासुपारी तर नक्की द्या, त्या कोरड्या हवेत तोंडात काहीतरी चघळायला लागतंच.

औषधं अजिबात नकोत. युनिटचा डॉक्टर असतो, आणि यामागचं कारण नुसतं नियमाचं नाही. उंचीवर डोकं दुखणं हा उंचीच्या आजाराचा पहिला इशारा असू शकतो. घरून आलेली गोळी खाऊन तो इशारा दाबला आणि जवान डॉक्टरकडे गेलाच नाही, तर ते महागात पडतं. गळ्यासाठी खडीसाखर, ज्येष्ठमधाची कांडी, सुंठ-गूळ इथपर्यंत ठीक, कारण रॉकेलच्या धुराने घसा बसतो. व्हॅसलिन, ओठांचं मलम, कोल्ड क्रीम छोट्या ट्यूबमध्ये, त्याचा खप मोठा असतो. परफ्यूम, डिओचे फवारे, लायटर, काडेपेटी, पॉवर बँक, सुट्ट्या बॅटऱ्या यांपैकी काही घातलंत तर पार्सल अडकेल. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, स्मार्ट घड्याळ हेही नको. आतल्या कारणांनी त्यांच्यावर बंधनं असतात, आणि उगाच त्याला जाब द्यावा लागेल.

स्वेटर आणि मोजे. थंडीचे कपडे फौज देते आणि ते आपल्या बाजारातल्या कपड्यांपेक्षा फार पुढचे असतात. सुती मोजे तर पाठवूच नका, घाम शोषून ओले राहतात आणि ओला पाय हा तिथला शत्रू. आईने हाताने विणलेली लोकरीची कानटोपी मात्र जाऊ द्या. ड्युटीवर घालायला नाही, पण झोपताना घालतात. माझ्या खिडकीवर डाक घ्यायला येणाऱ्या एका हवालदाराची टोपी इतकी वेडीवाकडी होती की मी विचारलं, कुणी विणली? म्हणाला, लेकीने, सातवीत आहे.

खाण्यापलीकडचं थोडं. दिवाळी अंक पाठवा, एक तरी. वजन असतं, पण दहा जण महिनाभर वाचतात, शब्दकोडं असलेला असेल तर त्यावरून वादही होतात. पत्त्यांचा नवा कॅट चालतो. फोटो कागदावर छापून द्या. थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते आणि रेंज असतेच असं नाही, पण कागदावरचा फोटो वहीत राहतो. घरात लहान मूल असेल तर कागदावर त्याचा हात ठेवून पेन्सिलीने आखून द्या, शेजारी तारीख. चार महिन्यांनी दुसरा हात पाठवला की किती वाढलं ते दिसतं. आणि पार्सलातल्या फटी थर्माकोलने न भरता गावातल्या मराठी वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरा. हे माझं सगळ्यात आवडतं निरीक्षण आहे: लाडू वाटून झाले की ते बोळे उलगडून, हाताने सपाट करून लोक वाचत बसतात. तालुक्याच्या पानावर बाजारभाव, वाढदिवसाचे फोटो आणि कुठल्यातरी पाणीयोजनेचं भांडण. म्हणून बोळे करताना पान जरा निवडून घ्या.

चिठ्ठी घाला. ती लाडवांत नको, तुपात पारदर्शक होते. प्लास्टिकच्या पिशवीत, सगळ्यात वर. आईला लिहिता येत नसेल तर ती सांगेल तसं तुम्ही लिहा, तिच्याच शब्दांत.

बांधणी. आत पत्र्याचा डबा, बिस्किटाचा किंवा दूध पावडरचा जुना चालेल, नाहीतर जाड प्लास्टिकचा. चटण्या आणि पिठं हवा काढून सील करून घ्या. तालुक्याला व्हॅक्यूम पॅकिंग करून देणारी दुकानं आता असतात. चिवड्याला व्हॅक्यूम लावू नका, पीठ होईल. डबे मजबूत पुठ्ठ्याच्या खोक्यात, हलवून बघा, आवाज आला तर अजून बोळे. वरून मांजरपाट शिवा. जुनी पद्धत आहे, हल्ली चिकटपट्टीवर भागवतात, पण थंडीत आणि ओलीत पट्टी सुटते, शिवण सुटत नाही. एक पार्सल तीन किलोच्या आत ठेवा. एकाच मोठ्या खोक्याऐवजी लहान दोन, वेगवेगळ्या दिवशी. एक अडकलं तरी दुसरं पोचतं.

पत्ता: सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, कंपनी, युनिट, मार्फत ५६ एपीओ, आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन. बस. (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस.) पत्त्यात लेह, लडाख, जिल्हा, राज्य काहीही लिहायचं नाही. ५६ एपीओची डाक दिल्लीला जाते, ९९ एपीओची, म्हणजे पूर्वेकडची, कोलकात्याला. तिथे त्या पिनवरून युनिट शोधतात. युनिट कुठेही हललं तरी डाक त्याच्या मागे जाते, ती या पत्त्यामुळेच. लोक जास्त काळजीने खाली 'लेह, १९४१०१' असं लिहितात, मग पार्सल साध्या टपालाने लेह शहराच्या पोस्टात जातं, तिथे त्या नावाचा माणूस सापडत नाही आणि महिन्याने ते तुमच्या दारात परत येतं, लाडवांसकट. पत्ता कापडावर पक्क्या शाईने लिहा, आणि त्याची एक प्रत आत डब्यावरही चिकटवा. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता विसरू नका. हे सगळं भारतीय टपालाच्या खिडकीवरूनच करायचं, खाजगी कुरियर एपीओपर्यंत पोचवत नाहीत. पावतीवरच्या नंबराने मागोवा घ्याल तर दिल्लीपर्यंत दिसेल, पुढे सगळं शांत. घाबरून जाऊ नका, ते तसंच असतं.

आणखी एक वाट आहे, आणि गावाकडे तीच जास्त चालते: रजेवरून परत जाणाऱ्या पोराच्या हाती देणं. चांगली वाट आहे, पण त्या पोराचाही विचार करा. झेलम एक्सप्रेसने जम्मूपर्यंत दोन रात्री, तिथून ट्रान्झिट कॅम्प, पुढे विमान, त्याची स्वतःची ट्रंक, आणि त्याला पाच घरांनी पाच डबे दिलेले. अर्धा किलोच्या वर देऊ नका, आत काय आहे ते उघडून दाखवा, आणि त्याच्यासाठी वेगळा एक पुडा द्या. त्याच्या हाती द्यायचं ते नाजूक: अनारसे, कंदी पेढे, फोटो.

म्हणजे तुमच्यापुरतं असं: दसऱ्याआधी तीन किलोचं एक पार्सल. त्यात शंकरपाळी, कडबोळी आणि बेसनाचे वीस लाडू मिळून दीड किलो, बाकी शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण चटणी, मेतकूट, पिठल्याचं पीठ, आवळासुपारी. एक दिवाळी अंक निघाला असेल तर तो, नाहीतर दुसऱ्या खेपेला. टोपी, फोटो, चिठ्ठी.

उरलेल्या सात किलोंपैकी तीन किलो डिसेंबरच्या सुरुवातीला पाठवा, संक्रांतीचं म्हणून. दिवाळीला सगळ्यांचीच पार्सलं येतात, आमचं ऑफिस तेव्हा खोक्यांनी भरून जायचं. मार्गशीर्ष-पौषात, जेव्हा रात्री सगळ्यात लांब असतात आणि रस्ते बंद असतात, तेव्हा डाकेची पिशवी अर्धी रिकामी यायची आणि जवान तरीही रोज विचारायला यायचे. तिळगूळ, चिक्की, डिंकाचे लाडू हे सगळं त्या दिवसांसाठीच केलेलं आहे. पोचायला फेब्रुवारी उजाडला तरी हरकत नाही, तिळगुळाला काही होत नाही.

राहिलेले चार किलो घरीच खा. आईला फराळ करायचाच असतो, करू द्या.

आणि डब्याचं सांगायचं राहिलं. स्टीलचा, नाव घातलेला डबा आई देणार असेल आणि 'परत आण म्हणावं' असं बजावणार असेल, तर देऊ द्या, जरा वजन वाढलं तरी. पुतण्याकडे आमच्या घरचे असे दोन डबे अडकले होते. उन्हाळ्यात रजेवर आला तेव्हा परत आणले, आणि डबा रिकामा देत नाहीत म्हणून दोन्हींत लडाखचे जर्दाळू भरून आणले.